सोळावी खाच

विहिरीतून वर यायला बरकाला आता नुसता दोर पुरत नव्हता. मेहुण्याला, म्हणजे फराजीला, वरून काखेत हात घालून ओढावं लागायचं. आणि ओढताना गप्प बसेल तर तो फराजी कसला!

"ये बाबा, ये. बहीण देताना ठाऊक असतं की नवरदेवाला जन्मभर असं उपसावं लागणार, तर जरा विचार केला असता."

बरका वाळूवर उताणा पडला. गुडघे दुमडत नव्हते. भुयारातलं गार पाणी अंगावर होतं ते बघता बघता वाळलं आणि त्या जागी वाळू चिकटली. जून लागला होता. ऊन अजून पुरतं वर आलं नव्हतं, तरी वारा चुलीपुढून आल्यासारखा येत होता.

"किती निघाली?"

"दोन टोपल्या. त्याही ओढूनताणून."

"मग अडतंय कुठं?"

तेच त्याला कळत नव्हतं. लांब पठाराच्या कडेला आईविहीर, तिथून निघालेलं पाणी जमिनीखालच्या भुयारातून, ओळीनं खणलेल्या विहिरींच्या तळातून चालत गावात येतं. वाटेत वाळू ढासळली की पाणी बारीक होतं. मग बरकानं खाली उतरायचं, वाळू काढायची, की पाणी पुन्हा वाढतं. त्याच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. वसंतात खजुराचा मोहर बांधून झाल्यापासून तो वाळू उपसत होता, आणि तो कसत असलेल्या बागेतला पाट रोज आणखी बारीक होत होता. बाग त्याची नव्हती. उत्तरेला ओरान शहरात मुलाकडे राहणाऱ्या लाला फतूमची होती, तो पिकाच्या पाचव्या वाट्यानं कसायचा. झाडांखालचे कांदे माना टाकून पडले होते.

"हाजी म्हणतो, वाळूच पडलीय," बरका म्हणाला.

"हाजी म्हणतो म्हणजे पडली असणारच. त्याच्या शब्दाबाहेर जायची वाळूची काय बिशाद?"

हाजी तुहामी पाणीवाल्यांच्या जमातीचा, म्हणजे त्यांच्या पंचायतीचा, प्रमुख. भुयारातलं पाणी गावात उघड्यावर येतं तिथं दगडाची फणी बसवलेली होती, तिच्या खाचांतून पाणी वाटलं जायचं. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी त्याची खाच रुंद. खाच बापाकडून मुलाकडे यायची. पुढं त्या पाण्याची आणखी वाटणी करणाऱ्या छोट्या फण्या होत्या. लाला फतूमच्या बागेची फणी हाजीच्या आवारात, भिंतीच्या आत होती. बरकाच्या घराण्यानं ही भुयारं खणली, साफ ठेवली, दोन-तीन पिढ्यांत एखादा माणूस आत कायमचा ठेवलाही. खाच मात्र त्यांच्या नावावर एकही नव्हती. त्याबद्दल कोणी हाजीला बोल लावत नसे आणि बरकाही लावत नसे. रीत होती, आणि फार जुनी होती.

म्हणून तर सोळाव्या खाचेचं एवढं अप्रूप.

गेल्या थंडीत डांबरी रस्त्याकडेनं गेलेल्या इंटरनेटच्या तारेचा एक फाटा गावाला मिळायचं ठरलं. चर तुम्ही खणा, तार आम्ही टाकतो, असं कंपनी म्हणाली. चर अर्थातच बरका आणि फराजीनं खणला. मशिदीशेजारच्या खोलीत पेटी बसली. तिच्यातून सोळा घरांना वायरी जाणार होत्या. आता हे वाटायचं कसं, म्हणून जमात बसली. जमातीला वाटायची एकच रीत ठाऊक. पाण्याचे हिस्सेदार पंधरा, तर पंधरा खाचा त्यांच्या. ज्याचं पाणी मोठं त्याचं इंटरनेट मोठं. कंपनीचा माणूस डोकं खाजवत राहिला आणि शेवटी त्यांना हवं तसं करून देऊन गेला. उरलेली सोळावी खाच खणण्याच्या मजुरीत बरकाला. हाजीनं हे मशिदीच्या दारात, सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

सांगितलं खरं. मग हिस्सेदारांच्या वायरी पूर्ण होऊ देत म्हणाला. मग रमजान होऊ दे. मग मोहर बांधून होऊ दे. आता येत्या शुक्रवारी, नमाजानंतर, नक्की. तोपर्यंत पेटीच्या सोळाव्या भोकावर काळं टोपण होतं आणि बरका येता-जाता खिडकीतून ते बघून घ्यायचा.

घरी त्याची पोरगी रगिया पिशवी भरत होती. बाकची परीक्षा, शाळेतली शेवटची, तिची दुसरी खेप. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. सगळ्या गावात यंदा परीक्षेला बसणारी ती एकटीच. आठवडाभर परीक्षेच्या गावी, अद्रारला, मावशीकडे राहायचं होतं.

"फोन घेतलास का गं?" आईनं, मसऊदानं विचारलं.

"नको यम्मा. दारातच काढून घेतात, आणि मागच्या वेळी एकीचा हरवला. इथंच ठेव उशीखाली."

"उशीखाली ठेवू नाहीतर डोक्यावर, मला कुठं त्यातलं काय कळतंय!"

तो फोन घेऊन रगिया अख्खा वसंत हाजीच्या भिंतीला टेकून उभी राहिली होती. भिंतीपलीकडून थोडंसं इंटरनेट झिरपायचं आणि हाजीच्या धाकट्या मुलानं तिला ते उघडायचा आकडा सांगून ठेवला होता. एकदा वरून खरकटं पाणी आलं. हाजीची सून गच्चीवरून म्हणाली, "अगंबाई, दिसलीच नाहीस की!" रगियानं वही झटकली आणि तिथंच उभी राहिली, कारण धडा अर्धा उतरवायचा होता. घरी येऊन ती काही बोलली नाही. मसऊदानं ओढणी धुताना काय ते ओळखलं.

रात्री चहाचा दुसरा पेला ओतताना बरकानं विचारलं, "रगिया, त्या तारेत असतं तरी काय?"

"काच, बाबा. केसाएवढी बारीक. तिच्यातून उजेड पळतो."

"आणि तो येतो कुठून?"

"कुठूनही. रस्त्याच्या तारेतून उत्तरेला, किनाऱ्यावर. तिथून समुद्राखालून पलीकडं."

"म्हणजे आईविहीर समुद्रापलीकडं आहे."

रगिया हसली. "एक आईविहीर नसते त्याला. खूप असतात."

"असं कसं? सुरुवात कुठंतरी असणारच. तिथं कोण बसतं?"

"ते मलाही नीट माहीत नाही बाबा. पास झाले तर शिकून सांगते."

"आपल्याला तरी ते काय करायचंय?" मसऊदा म्हणाली. "कांदे का त्यानं भिजणारेत?"

"आधी आपलं होऊ तर दे," बरका म्हणाला. "काय करायचं ते मग बघू." त्यानं चहाचा घोट घेतला. सत्तावन्न वर्षांत आपलं म्हणावं असं एवढंच तर येणार होतं.

शनिवारी रगिया बसनं गेली. रविवारी सकाळी गावातलं इंटरनेट बंद पडलं.

हाजी रोज सकाळी फ्रान्समधल्या थोरल्या मुलाशी तोंड बघत बोलायचा. बोलता बोलता मुलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आधी हाजीला वाटलं, पोरगा विचार करतोय. मग घराघरातून माणसं बाहेर आली. दुपारी आपोआप सुरू झालं, तशी सगळी आत गेली. सोमवारी सकाळी पुन्हा बंद, दुपारी पुन्हा चालू. कंपनीला फोन लावला तर बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि ती बाई नसून यंत्र आहे हे हाजीला तिच्याशी बराच वेळ भांडल्यावर कळलं.

सोमवारी संध्याकाळी त्यानं बरकाला बोलावणं धाडलं. बरका आवारात उभा राहिला. हाजीच्या नव्या तुकड्यातला लसूणघास गुडघ्याला लागत होता, हिरवागार. बाकी गाव करपत असताना याच्या हाताला काय यश आहे, असं बरकाच्या मनात आलं, आणि त्यात हेवाही होता.

"बरका, येतंय आणि जातंय. याचा अर्थ काय?"

"पाणी असतं तर म्हणालो असतो, अर्धवट ढासळलंय. वाळू सरकते तेव्हा अडतं, पाण्यानं जोर केला की वाट होते."

"मग हे वेगळं काय आहे? वाहणारंच ना?"

"सीदी," बरका नेहमीच्या अदबीनं म्हणाला, "हे पाणी नाही. रगिया म्हणते, काच असते."

"रगिया म्हणते!" हाजीनं मण्यांची माळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चर तू खणलास. कुठं कमी खोल ठेवला होतास का? खरं सांग."

ठेवला होता. रस्त्याकडून येताना चर भुयारावरून जात होता. तिथं खोल खणलं असतं तर भुयाराचं छत खाली आलं असतं, म्हणून त्यानं तेवढ्या पट्ट्यात हातभरच खणून वर दगड रचले होते. कंपनीच्या माणसाला सांगितलंही होतं. तो गाडीत झोपला होता आणि झोपेतच हं म्हणाला होता.

"विहिरींपाशी थोडा," बरका म्हणाला.

"बघ मग. तुझंच काम, तूच निस्तर. शुक्रवारी तुझी खाच उघडायची, आणि मुळात प्रवाहच नसेल तर काय उघडू?"

वाटेत फराजी म्हणाला, "वरूनच कोणी बंद करत असेल तर?"

"कोण करेल? आणि कशाला? आपण कोणाचं काय वाकडं केलंय?"

"मला काय ठाऊक! मी फक्त म्हटलं. एखाद्याला हाजीचं थोबाड रोज सकाळी बघवत नसेल."

बरका हसला नाही. रात्रभर त्याला ते रचलेले दगड दिसत राहिले. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर एवढं लागलं नसतं.

मंगळवारी उजाडताच दोघं विहिरींपाशी गेले. वाऱ्यानं चरावर वाळूची चादर घातली होती. कुदळ बाजूला ठेवून बरकानं हातानं उकरलं. भुयाराचं छत खणायची सवय, तेव्हा हाताला ठाऊक होतं कुठं हळू जायचं. दगड एकेक करून बाजूला काढले. नारिंगी नळी निघाली. कुठं चेपलेली नाही, फुटलेली नाही. त्यानं तिच्यावर नखानं टिचकी मारली आणि कान लावला.

"बोलतेय का?" फराजी म्हणाला.

"गप रे."

"पुर आता. वरून तर चांगली आहे."

वरून चांगली होती, आणि तिथंच बरका फसला. भुयारही वरून चांगलंच दिसतं, ढासळतं ते आतून. चाळीस वर्षांत तो एवढंच शिकला होता, की अडलेलं वरून दिसत नाही, आत हात घालावा लागतो. त्यानं खजुराच्या फांद्या छाटायचा चाकू काढला आणि नळीला बोटभर चीर दिली. आत करंगळी घातली. वाळू नव्हती. आत काळी दोरी होती. म्हणजे वाळू दोरीच्या आत शिरली असणार. त्यानं दोरीची साल हलक्या हातानं, कांद्याची काढावी तशी, काढली. आणखी एक साल निघाली. मग रंगीत धागे, आणि ते इतके बारीक की त्याच्या खरखरीत बोटांना लागेचनात. चिमटीत धरून त्यानं ते जरा मोकळे केले, आत काही अडकलंय का बघायला. दोन-तीन कड् कड् असं म्हणाले. फार बारीक आवाज होता. फराजीला ऐकूही आला नाही.

बरकाच्या अंगठ्यात काहीतरी टोचलं. रक्ताचा थेंब आला, काटा मात्र दिसेना.

"वाळू नाही," तो म्हणाला. त्यानं धागे जसे होते तसे जुळवले, वर ओल्या मातीचा लेप दिला, चिंधी बांधली, दगड रचले.

दुपार झाली. रस्त्यापलीकडच्या गावात इंटरनेट आलं. अद्रारमध्ये आलं. सगळ्या देशात आलं असणार. याच गावात आलं नाही.

जमात पेटीच्या खोलीत बसली. बरकानं काही लपवलं नाही. चीर दिली, साल काढली, धागे मोडले, सगळं सांगितलं. सांगताना तो दाराजवळ उभा होता, कारण बसायला कोणी सांगितलं नाही.

"धागे मोडल्यावर मातीनं लिंपलेस?" एकानं विचारलं.

"व्हय."

खोलीत हसू फुटलं. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्याच्या जागी तेच केलं असतं. पण तो हिशेब त्या खोलीत कोण करणार?

"पंधरा घरं आंधळी केलीस," हाजी म्हणाला. "वर सोळावी मागतोस." तो उठला आणि सोळाव्या भोकावरचं टोपण त्यानं अंगठ्यानं आणखी घट्ट दाबलं. "हे आता असंच राहील. आणि शुक्रवारी सुट्टी करू नकोस. लाला फतूमचं पाणी आणखी घटलंय, वाळू पडलीय. ते तरी काम येतं ना तुला, का तेही विसरलास?"

"येतं, सीदी," बरका म्हणाला. घरी जाताना त्याला आपल्याच पायांचा राग आला. चांगले असते तर लवकर पोचले असते.

मसऊदानं सुईनं बरकाचा अंगठा उकरून पाहिला, तेल लावलं. काच सापडली नाही. रोटी मोडतानासुद्धा ठणका लागायचा.

गुरुवारी संध्याकाळी रगिया आली. पेपर बरे गेले होते. तोंड धुऊन ती बसली, आणि आईनं सगळं सांगितलं. बरका भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"बाबा," रगिया म्हणाली, "काहीच अडलं नव्हतं हो."

तो नखानं भिंतीचा पोपडा उकरत राहिला.

"परीक्षेला पोरं फोनवरून उत्तरं मागवतात. म्हणून पेपर चालू असेपर्यंत सगळ्या देशाचं बंद ठेवतात. पेपर संपला की सोडतात. अद्रारला सगळ्यांना ठाऊक आहे. मी जाताना सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही. मला वाटलं, आपल्याकडं अजून आहेच कुठं!" तिला रडू आलं. "तुमची खाच माझ्यापायी गेली."

आता बरका उठून बसला. "तुझ्यापायी कशी? तू काय बंद केलंस?" मग म्हणाला, "म्हणजे वाळू नव्हती."

"नव्हती."

"वर कोणीतरी बसून बोळा घातला."

"हो."

"आणि कोणाला सांगितलं नाही."

"सांगितलं असेल. आपल्यापर्यंत आलं नाही."

"कोण आहे तो?"

"एकटा नाही बाबा. इथला एक, किनाऱ्यावरचा एक, समुद्रापलीकडं आणखी कोणकोण. ज्याच्या दारावरून तार जाते त्याच्या हातात थोडीथोडी माती असते."

"आणि खालच्यानं वाळू उपसायची," बरका म्हणाला. मसऊदानं चहा पुढं केला. तो त्यानं घेतला, पण प्यायला विसरला.

शुक्रवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे दोर आणायला हाजीच्या आवारात शिरला. दोर आणि टोपल्या तिथल्या छपरात असायच्या. आयुष्यभर तो या वाटेनं आला-गेला होता, फणीच्या बाजूनं. फणीकडं वाकून बघायचं काम पाणी मोजणाऱ्याचं. इतरांनी बघायचं नसतं, आणि मनाईची गरज कधी पडली नव्हती, कारण कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

आज तो थांबला. गुडघे वाकवणं म्हणजे शिक्षाच होती, तरी त्यानं एक हात जमिनीला टेकवून स्वतःला खाली बसवलं. लाला फतूमच्या खाचेतून करंगळीएवढी धार येत होती. शेजारच्या, हाजीच्या खाचेतलं पाणी कडेला घासून लसूणघासाकडं जात होतं. बरकानं अंगठा लाला फतूमच्या खाचेत खालून घातला. मऊ लागलं. माती होती. चांगली मळलेली, ओली, दाबून बसवलेली. तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा होता.

अंगठ्यातली काच ठणकली. तो तसाच बसून राहिला. वसंतापासूनच्या सगळ्या टोपल्या त्याच्या खांद्यात उतरल्या. मग त्याला बाप आठवला. कुठल्याशा दुष्काळात महिनाभर रोज खाली उतरून शेवटी खोकत मेलेला बाप, आणि त्याला विहिरीच्या तोंडाशी उभा राहून वाळू पडलीय, वाळू पडलीय म्हणून सांगणारा हाजीचा बाप. त्या साली फणीत कोणी बोट घालून पाहिलं होतं का? बरकाला हुंदका आला. त्यानं तो दाबला नाही.

"बरका!" हाजी ओट्यावर आला होता, नमाजाचे पांढरे कपडे घालून. "अजून इथंच? उतर की खाली. वाळू पडलीय म्हटलं ना!"

"पडलीय, हाजी. इथं पडलीय." पहिल्यांदाच तो सीदी म्हणाला नव्हता.

हाजी दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. बरकाचा अंगठा कुठं आहे हे त्याला दिसलं. माळ फिरायची थांबली.

"ते... पाणी मोजणाऱ्यानं ठेवलं असेल. काढून टाक, आणि ऊठ."

"मी नाही काढणार. ज्यानं घातली त्यानं काढावी. नमाजाला माणसं याच वाटेनं जातील, त्यांच्यादेखत काढावी."

"ऊठ म्हणतो ना!"

"उठवत नाही, हाजी," बरका म्हणाला. "गुडघे गेलेत. तुमची वाळू उपसून उपसून गेलेत."

भिंतीबाहेर पावलं वाजू लागली होती. पहिली माणसं मशिदीकडं निघाली होती. तिकडं विहिरीवर फराजी दोराची वाट बघत होता. बरका फणीपाशी बसून राहिला, अंगठा खाचेतच ठेवून.